म्हाताऱ्या कुत्र्याची फाइल

छत्रपती संभाजीनगरात, टीव्ही सेंटरच्या मागच्या एका गल्लीत, बंद शटरच्या पायरीवर ती तीन दिवस बसून होती. पिवळसर लॅब्रेडोर, तोंड पार पांढरं झालेलं, गळ्यावर पट्ट्याचा घट्टा, पण पट्टा नाही. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला कुठं बसावं, कुठून सटकावं हे बरोबर कळतं. हिला काहीच कळत नव्हतं. रिक्षा थांबली की ती तोंड वर करून बघायची, आपल्यालाच न्यायला आली असावी अशी. पोटाखाली सड लोंबत होते, म्हणजे तिच्याकडून भरपूर पिल्लं काढून घेतलेली होती.

आम्ही दोघी पायरीवर बसून नावं घ्यायला लागलो. ब्राउनी, स्वीटी, जिमी, डॉली, पिंकी. घरातल्या कुत्र्यांची नावं आपल्याकडे फार तर तीस-चाळीस असतात, त्यामुळे हा प्रयोग बहुधा जमतो. ‘रोझी’ म्हटल्यावर एक कान हलला. पुन्हा म्हटलं, तेव्हा शेपटीचं टोक.

असं म्हातारं, आजारी कुत्रं काही महिने घरात सांभाळायचं आणि मग त्याला कायमचं घर शोधून द्यायचं, याला सगळेच आता ‘फॉस्टर’ म्हणतात. पिल्लांना फॉस्टर मिळतात, घरंही मिळतात. दहा वर्षांच्या कुत्र्याचं नाव काढलं की फोनवर शांतता पसरते. ज्यांच्याकडे ती पसरत नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे.

उचलण्याआधी एक दिवस चौकशीला द्या. कुत्रं हरवलेलंही असू शकतं. फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाका, आसपासच्या दवाखान्यांत आणि मेडिकलवाल्याकडे विचारा. अंगावरची एखादी खूण मात्र फोटोत दाखवू नका. मालक म्हणून येणाऱ्याला तीच विचारायची. चार दिवसांत कोणी आलं नाही तर समजून चला. प्राण्याला कारणाशिवाय सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड अजून १० ते ५० रुपये आहे. २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनी आठ वर्षांवरच्या मादीकडून पिल्लं घ्यायला मनाई केली, आयुष्यात पाचपेक्षा जास्त विणींनाही. रोझीच्या मालकानं हे नियम वाचले असतील असं तिच्या पोटाकडे बघून वाटत नव्हतं.

आणि कुत्रं गल्लीचंच असेल, चार घरांतून त्याला पोळी मिळत असेल, तर त्याला उचलून फ्लॅटमध्ये कोंडणं म्हणजे मदत नव्हे. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियमसुद्धा निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याला त्याच्या मूळ जागी परत सोडायला सांगतात. अशा म्हाताऱ्याला जागेवर औषध, सावली आणि पाण्याचं भांडं पुरतं. आंधळं झालेलं, पाय गेलेलं किंवा रोझीसारखं घरातून रस्त्यावर आलेलं कुत्रं ही वेगळी गोष्ट. मात्र एकदा दत्तक घेतलंत की ते पुन्हा रस्त्यावर जाता कामा नये, हे सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात बजावलं आहे.

रोझीला न्यायला तीन रिक्षावाल्यांनी नकार दिला. चौथा तयार झाला, पण त्यानं सीटवर आधी जुनी चादर अंथरायला लावली. तीच चादर कामाला आली. चालता न येणाऱ्या कुत्र्याला काखेत धरून उचलू नका, कंबर लोंबकळून दुखते. चादरीची झोळी करायची आणि दोघांनी चार टोकं धरायची. तोंडाला सैलसर पट्टी बांधायची असेल तर प्रवासापुरतीच. धाप लागलेल्या कुत्र्याचं तोंड बांधू नका, तोंड उघडं ठेवूनच तर ते अंग गार करतं.

पहिला मुक्काम घर नव्हे, दवाखाना. खडकेश्वरला सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालय आहे, तिथं खर्च नाममात्र येतो. खासगी दवाखाने शहरभर आहेत. फार गुंतागुंतीचं निघालं तर मराठवाड्यात परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पुण्यात ‘रेस्क्यू’ ही संस्था २००७ पासून काम करते, मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटीट रुग्णालय तर एकोणिसाव्या शतकापासून. पण म्हाताऱ्या कुत्र्याला अडीचशे किलोमीटर हलवण्याआधी गावातल्या डॉक्टरांनी करता येण्यासारखं सगळं करून घ्या.

‘जरा तपासून द्या’ असं म्हणाल तर ताप बघून, टोचून मोकळं करतील. मागून घ्यायच्या तपासण्या ठरलेल्या असतात: रक्ताच्या पेशी, किडनी, लिव्हर, साखर, लघवी. मादी असेल आणि निर्बीजीकरण झालेलं नसेल तर सोनोग्राफीही. माजानंतर काही आठवड्यांत गर्भपिशवीत पू होतो आणि म्हाताऱ्या मादीला तो दोन-चार दिवसांत संपवू शकतो. दात आणि हिरड्या बघून घ्या. निम्म्या वेळा ‘खात नाही’ची तक्रार दाढेत सापडते. डोळ्यांत निळसर धुकं दिसलं की लोक लगेच मोतीबिंदू म्हणतात. पुष्कळदा ते वयाचं धुकं असतं आणि कुत्र्याला त्यातून बऱ्यापैकी दिसत असतं.

आपल्या भागात रक्ताच्या रिपोर्टमध्ये गोचीडताप निघेल असं धरूनच चला. ताप, फिकट हिरड्या, कधी नाकातून रक्त, आणि पेशी घसरलेल्या. त्यात एर्लिचिया हा जंतू असेल तर डॉक्सिसायक्लिनचा कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो. पाचव्या दिवशी कुत्रं शेपूट हलवायला लागतं आणि लोक गोळ्या थांबवतात. थांबवू नका, आणि गोळी रिकाम्या पोटी देऊ नका. रस्त्यावरच्या कुत्र्यांत आणखी एक नेहमी दिसतं: जननेंद्रियावर फुलकोबीसारखी गाठ, तिच्यातून रक्त. बघणाऱ्याला वाटतं, संपलं. हा कुत्र्या-कुत्र्यांत संसर्गानं पसरणारा कॅन्सर आहे, आणि आठवड्याला एक अशा व्हिनक्रिस्टिनच्या चार-सहा इंजेक्शनांनी बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. कॅन्सर या शब्दाला घाबरून अशा कुत्र्याला नाकारू नका.

एक धोक्याची गोष्ट इथंच सांगून टाकते. म्हातारं कुत्रं लंगडायला लागलं की घरातली ‘दुखण्याची गोळी’ अर्धी करून देणारी माणसं मी पाहिली आहेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या आपल्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, किडनी जाते. सांधेदुखीला कुत्र्यांची वेगळी औषधं आहेत आणि तीही किडनीचा रिपोर्ट बघूनच देतात.

घरी आणल्यावर पहिले चौदा दिवस वेगळी खोली, निदान वेगळी बाल्कनी. घरात दुसरं कुत्रं असेल तर हे पाळाच. अंगावरच्या गोचिडी, पोटातले जंत, खोकला, जे असेल ते या दिवसांत बाहेर पडतं. स्वभाव मात्र इतक्यात कळत नाही. तीन दिवस घाबरलेलं, तीन आठवडे अंदाज घेणारं आणि तीन महिन्यांनी आपलं, असा ढोबळ हिशेब सांभाळणारे लोक सांगतात. पहिल्या आठवड्यात ‘फार शांत आहे हो’ असं कोणालाही कळवू नका. शांत नसतं ते, सुन्न असतं.

आता वही. शाळेची दोनशे पानी घ्या आणि रेघा मारून रकाने पाडा: पाणी, खाणं, शू, शी, औषध, श्वास. गाढ झोपेत असताना छाती मिनिटाला किती वेळा वर-खाली होते ते मोजायचं. आकडा सतत तिसाच्या वर राहिला तर हृदयाकडे किंवा फुप्फुसाकडे बघायला हवं. पाण्यासाठी सकाळी लिटरच्या बाटल्या भरून ठेवायच्या आणि भांड्यात त्यांतूनच ओतायचं. किलोमागे दिवसाला शंभर मिलिलिटरच्या वर पाणी जात असेल तर ते उन्हाळ्यावर ढकलू नका.

रोझीचं वजन सव्वीस किलो. (घरातल्या काट्यावर आधी तिला घेऊन उभं राहायचं, मग एकट्यानं, आणि वजाबाकी करायची. आम्ही दोघींनी मिळून उचललं, हिशेब दोनदा चुकला.) सहाव्या दिवशी वहीत पाण्याच्या रकान्यात साडेतीन लिटर लिहिलेलं होतं, सातव्या दिवशी चार. दोन्ही दिवस पाऊस होता. पहिल्या दिवशी आम्ही साखर तपासायला सांगितलीच नव्हती. वरची यादी त्या चुकीतून आलेली आहे. तपासली तर मधुमेह निघाला.

मधुमेही कुत्र्याला बहुधा आयुष्यभर इन्सुलिन लागतं, दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतरानं, जेवणाबरोबर. ऐकायला भयंकर वाटतं. प्रत्यक्षात मानेमागची कातडी चिमटीत धरून टोचायचं, आणि रोझी तेवढ्या वेळात काकडीचा तुकडा चघळत असायची. खरी भीती सुईची नाही, सिरिंजची आहे. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली बहुधा मिलिलिटरला ४० युनिटची असते आणि तिच्यासाठी लाल टोपीची सिरिंज मिळते. पेनमधलं इन्सुलिन १०० युनिटचं असतं आणि त्या ताकदीची सिरिंज नारिंगी टोपीची. अदलाबदल झाली की डोस अडीच पट वर किंवा खाली जातो. डोस जास्त झाला तर कुत्रं झिंगल्यासारखं चालतं, थरथरतं, झटके येतात. अशा वेळी मध किंवा साखरेचा पाक बोटानं हिरड्यांना चोळायचा, घशात ओतायचा नाही, आणि दवाखान्याकडे निघायचं. कुत्रं जेवलं नाही तर ठरलेला डोस टोचून मोकळं होऊ नका, आधी डॉक्टरांना फोन करा. मादीच्या संप्रेरकांमुळे साखर आवरत नाही, म्हणून तब्येत जरा सावरल्यावर रोझीचं निर्बीजीकरणही करून घेतलं.

खाण्याच्या बाबतीत मुख्य अडचण कुत्र्याची नसते, शेजाऱ्यांची असते. आमच्या शेजारच्या आपांनी ईदच्या दुसऱ्या दिवशी प्रेमानं नान-खलियाचा उरलेला रस्सा तिच्या भांड्यात वाढला. चार बोटं तवंग. रोझीनं भांडं चाटून लख्ख केलं आणि पुढचे दोन दिवस सलाईनवर काढले. तेलकट, तुपकट खाण्यानं स्वादुपिंडाला सूज येते, आणि मधुमेही कुत्र्यात ती जिवावर बेतू शकते. कुत्र्यानं पळवलेल्या कोरड्या पोळीमागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण लहानपणापासून ऐकलेले. धावण्यामागचा भाव घ्या, तूप घेऊ नका. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट आणि शिजलेली हाडं पूर्ण बंद. शेजारी ऐकत नसतील तर भांडू नका, त्यांना रोज एक काकडी किंवा उकडलेल्या दुधीचा तुकडा द्यायचं काम सोपवा. आपा आजही काकडीवाल्या म्हणून ओळखल्या जातात.

घराची तयारी पैशानं कमी, लक्ष देण्यानं जास्त होते. गुळगुळीत फरशीवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय फाकतात. जुन्या योगा मॅट, सतरंज्या, गोणपाट, जे असेल ते त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर अंथरा. दिसत नसेल तर सोफा, टीपॉय हलवू नका, आणि हात लावण्याआधी हाक मारा. शू रोखता येत नसेल तर आपल्या शहरात प्रश्न पाण्याचा होतो. नळाला पाणी कधी सहाव्या दिवशी येतं, कधी दहाव्या. रोज चादरी धुणं शक्य नसतं. वर रद्दी, खाली प्लास्टिक, मध्ये जुनं गोणपाट असे थर करा. रद्दी रोज फेकायची, गोणपाट उन्हात टाकायचं, धुवायचं पाणी आलं की. एप्रिल-मेमध्ये फिरायला सकाळी सातच्या आत आणि अंधार पडल्यावरच; डांबरावर हाताची पालथी बाजू पाच सेकंद टेकवता आली नाही तर कुत्र्याचे पंजेही टेकवू नका. पहिल्यांदाच फॉस्टर करणार असाल तर माझा सल्ला, थंडीत सुरुवात करा. फक्त दिवाळी जाऊ द्या. हृदयाचा त्रास असलेल्या कुत्र्याला फटाक्यांची भीती कशी आवरायची हे डॉक्टरांना वसुबारसेच्या आधीच विचारावं लागतं.

दुखणाऱ्या अवयवाला हात लागला की गरिबातलं गरीब कुत्रंही चावतं. दात लागले, रक्त आलं नाही तरी, जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि घाटी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करा. हळद, चुना, मिरची काही नको. वारंवार फॉस्टर करणार असाल तर चावण्याआधीच घ्यायची लसही असते. कुत्र्याचं रेबीजचं इंजेक्शन आणि त्याचं कार्ड हे पहिल्याच महिन्यात करून टाका.

सोसायटीवाले हरकत घेतील. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार सोसायटी पाळीव कुत्रं ठेवायला बंदी करू शकत नाही, लिफ्टही नाकारू शकत नाही. तो कागद जवळ असू द्या, पण आधी बाहेर काढू नका. आधी शी उचलण्याची पिशवी दिसू द्या.

घर शोधायला लागायचं ते आजार समजल्यावर, औषध बसल्यावर. इथं बहुतेक जण एक चूक करतात आणि मीही पूर्वी केली आहे: आजार जरा हळूच सांगायचा. ‘थोडी साखर आहे, बाकी एकदम फिट.’ त्या एका ‘थोडी’मुळे कुत्रं वीस दिवसांत परत येतं, आणि दुसऱ्यांदा सोडून दिलेलं म्हातारं कुत्रं लवकर खात नाही. रोझीची जाहिरात आम्ही अशी केली:

‘रोझी. मादी लॅब्रेडोर, अंदाजे १० वर्षं, २६ किलो. निर्बीजीकरण झालेलं. मधुमेह आहे, रोज दोन वेळा इन्सुलिन. डाव्या डोळ्यानं दिसत नाही. जिने चढू शकत नाही. मागच्या पायाला अचानक हात लावला तर गुरगुरते, हाक मारून लावला तर नाही. चार तासांपेक्षा जास्त शू थांबवू शकत नाही. औषधांचा महिन्याचा खर्च आणि बिलं दाखवू. काकडी आवडते.’

फोटो तिच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून, सकाळच्या उजेडात. केविलवाणे फोटो टाकले की अश्रूंच्या खुणा पन्नास येतात, फोन एकही येत नाही. चालतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मात्र हवाच, लंगडणं दिसलं पाहिजे. सहा फोन आले. एकानं विचारलं, ‘पिल्लं होतील ना?’ एकाला शेतावर राखणीला हवी होती. एक मुलगी खरंच प्रेमळ होती, पण तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणारी, लिफ्ट नाही, घरमालकाला विचारलेलं नाही. तिला नाही म्हणताना वाईट वाटलं.

शेवटी ज्योतीनगरमधलं एक निवृत्त जोडपं आलं. तळमजला, अंगण, दोघं दिवसभर घरी. काकांनी जाहिरात मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, ‘मी अकरा वर्षं टोचून घेतोय. सकाळी हिचं, मग माझं.’ आम्हाला आनंद झाला आणि लगेच धास्तीही वाटली, कारण काकांचं इन्सुलिन पेनमधलं, १०० युनिटचं. एकाच फ्रीजमध्ये दोन्ही. रोझीच्या डब्याला लाल चिकटपट्टी गुंडाळली, तिच्या सिरिंज त्याच डब्यात आणि काकांचं पेन दुसऱ्या कप्प्यात. पहिले तीन दिवस दोन्ही वेळा आम्ही तिथं उभ्या राहिलो.

घर बघायला जाताना काय विचारायचं? दिवसा घरी कोण, औषध कोण देणार, गावाला गेलात तर कोण देणार, घरातल्या कोणाला कुत्रं नको आहे का. शेवटचा प्रश्न त्याच माणसाला एकट्यात विचारा. पंधरा दिवस चाचणीचे ठेवा, त्या काळात परत देण्यात कमीपणा नाही हे आधीच सांगा. मग कागद करा. स्टॅम्प पेपर हवाच असं नाही. तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: आजारांची पूर्ण माहिती मिळाली, कुत्रं तिसऱ्याला देणार नाही, आणि सांभाळणं अशक्य झालं तर आमच्याकडेच परत. निवृत्त माणसांकडे म्हातारं कुत्रं छान रुळतं, पण त्यांना एक अवघड प्रश्न विचारावाच लागतो: तुमच्यानंतर कोण? संकोच करू नका. रतन टाटा ऑक्टोबर २०२४ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या टिटो या कुत्र्याच्या आजन्म सांभाळाची तरतूद मृत्युपत्रात असल्याच्या बातम्या आल्या. जबाबदारी घरच्या स्वयंपाक्याकडे दिलेली. काकांनी मृत्युपत्र केलं नाही, भाच्याची सही घेतली. तेवढं पुरलं.

निघताना रोझीबरोबर तिची फाइल गेली: सगळे रिपोर्ट, लसीचं कार्ड, डॉक्टरांचा फोन, आमची वही, आणि तिच्या वासाची ती रिक्षातली चादर, न धुतलेली.

काहींना घर मिळत नाही. किडनी संपत आलेलं, कॅन्सर पसरलेलं कुत्रं असेल तर तुमचं घर हेच त्याचं शेवटचं, हे मान्य करा आणि जाहिरात काढून टाका. कॅलेंडरवर रोज रात्री एक खूण करायची, चांगला दिवस की वाईट. खाल्लं का, उठलं का, तुम्हाला बघून शेपूट हलली का. वाईट दिवस चांगल्यांच्या पुढे गेले की डॉक्टरांशी बोला. आधी गुंगी, मग इंजेक्शन, काही मिनिटांत संपतं. ते घरी येऊन करतील का, हे वेळ येण्याआधीच विचारून ठेवा, आणि तेव्हा खोलीबाहेर जाऊ नका.

हे सगळं वाचून आपल्याच्यानं होणार नाही असं वाटलं असेल तर तेही प्रामाणिक उत्तर आहे. तरी एक काम उरतंच. या शहरात फॉस्टर करणाऱ्यांना पैशाइतकीच अडचण वाहनाची होते. पंचवीस किलोचं म्हातारं कुत्रं खडकेश्वरला न्यायचं आणि आणायचं, आणि रिक्षा थांबत नाहीत. तुमच्याकडे चारचाकी असेल, आठवड्यातली एखादी सकाळ मोकळी असेल, तर तुमच्या भागात कुत्र्यांना रोज खायला घालणारं जे कोणी असेल त्यांना तेवढं सांगून ठेवा. जुनी चादर डिकीत ठेवा.